पाळीव प्राणी : नाही

"किल्ला कॅन्सल! आजीला बरं वाटेपर्यंत कुणी कुठे जायचं नाही," प्रज्योतने फर्मान काढलं आणि जान्हवीच्या सुट्टीच्या बेताची वाट लागली.

जान्हवी कांदिवलीहून मढला मामाकडे आली होती. मामेभाऊ प्रज्योत तेरा वर्षांचा, तिच्याहून एका वर्षाने मोठा. त्याची बहीण विनिता दहाची, आणि प्रश्न विचारण्यात वस्ताद.

घरात सगळं बिनसलं होतं. मथुराआजीच्या हातावरची जखम महिनाभर भरत नव्हती. तपासणीत तिच्यात घटसर्पाच्या जंतूचा एक भाऊबंद सापडला. चार दिवसांनी पलीकडच्या आळीतल्या धाकूआजोबांचा घसा धरला. श्वास घेता येईना, म्हणून त्यांना इस्पितळात नेलं. तिथेही तोच जंतू! मग टेकडीवरच्या शूटिंगच्या बंगल्यात काम करणाऱ्या विमलामावशींच्या पायावरचा फोड तपासला. पुन्हा तोच!

गावाने निकाल लावून टाकला, की मथुरेनेच आजार पसरवला. एरवी आजीच्या ओट्यावर बायकांना बसायला जागा नसायची. आता बायका रस्ता बदलून जायला लागल्या.

"धाकूला काय झाला तं पाप माझे माथी," आजी म्हणाली आणि तोंड फिरवून पदराने डोळे पुसायला लागली. आजीला रडताना मुलांनी कधी पाहिलं नव्हतं. तिघांनाही फार वाईट वाटलं.

"पण दादा," विनिता बाहेर येऊन कुजबुजली, "आजी आणि धाकूआजोबा दोन वर्षं बोलत नाहीत ना रे? बोंबील वाळवायच्या मांडवावरून कसलं भांडण झालेलं! मग आजीचा आजार त्यांना लागला कसा?"

"आणि विमलामावशी तर गावात उतरतही नाहीत," जान्हवी म्हणाली. "चला, विचारू या!"

आरोग्य खात्याकडून सर्वेक्षणाला आलेले हर्षददादा चहाच्या टपरीवर फॉर्मांचा गठ्ठा घेऊन बसले होते. त्यांचं अक्षर सुरेख होतं. मान वर करायची सवय मात्र नव्हती.

"हा जंतू माणसाकडून माणसाला क्वचितच लागतो," ते लिहिता लिहिता म्हणाले. "मांजर, कुत्रा असं कुणीतरी असतं मध्ये. म्हणून तर हा प्रश्न आहे, पाळीव प्राणी आहे का? तिन्ही घरांत उत्तर एकच, 'नाही'. प्रश्न मिटला!"

"मिटला कसा? जंतू आला कुठून?" विनिताने विचारलं.

"ए, पळा रे! सुट्टीत अभ्यास करा जरा."

तिघं हिरमुसून घरी आले. स्वयंपाकघरात मामी बांगडे साफ करत होती. आजीने ओट्यावरूनच हाक मारली, "पयलं डोकं भायेर दे गो!" हा आजीचा नेम होता. दारातल्या मांजराला मासळीचं पहिलं डोकं दिल्याशिवाय तिच्या घरी कालवण चुलीवर चढत नसे.

बरोबर अकरा चाळीसला मांजर हजर झालं. डावा कान फाटलेला, नाक वाहतंय आणि वर शिंकतंय!

"आजी, हे मांजर कुणाचं?" विनिताने विचारलं.

"कुनाचा म्हंजे? सोनी हाय ती. येते, खाते, जाते."

"मग फॉर्मवर नाही का सांगितलंस?"

"त्यानं इचारला, पाललाय का? मी कनचा मांजर पालला नाय!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अख्ख्या कोळीवाड्यात मांजर पाळतो कोण? मासळी तिथे मांजर असायचंच!

"यार, झकास!" प्रज्योतने मोबाइल काढला. "चला, तिच्या मागे मागे जाऊ या!"

"थांब! हात कुणी लावायचा नाही. लांबून फोटो, आणि वेळ लिहायची," जान्हवीने बजावलं.

मांजर आरामात निघालं. बारा दहाला ते धाकूआजोबांच्या पडवीत, रिकाम्या बशीपाशी. "हा धाकूचा पाटील!" शेजारीण म्हणाली. "बिचारा रोज येतो, धनी इस्पितळात!" एक वाजता मांजर टेकडीवर, बंगल्याच्या मागच्या दारी. "आली का आमची राणी!" विमलामावशी लंगडत बाहेर आल्या.

"मावशी, तुम्ही पाळलीये?"

"छे गं! मला कुठे वेळ? आपली जेवायला येते."

तीन घरं, तीन नावं आणि एकच फाटका कान!

हर्षददादांनी फोटोंकडे पाहिलंही नाही. "फॉर्म भरून झालेत. आता खाडाखोड नको!"

जान्हवी गोड आवाजात म्हणाली, "दादा, तुमचं अक्षर किती छान आहे! एक फॉर्म बघू?" दादा खूश झाले आणि त्यांनी एक कोरा फॉर्म तिच्या हातात ठेवला. त्याच्या तळाशी प्रयोगशाळेचा फोन नंबर छापलेला होता. पाच मिनिटांत फोटो आणि वेळा प्रयोगशाळेच्या डॉक्टर श्वेता यांच्याकडे पोहोचल्या!

दुसऱ्या दिवशी डॉक्टर श्वेता प्राण्यांच्या डॉक्टरांना घेऊनच आल्या. मांजर शोधायला धावाधाव करावी लागली नाही. अकरा चाळीसला ते दारात हजर होतं. नाकातला नमुना घेऊन त्याला औषध सुरू झालं. आठवड्याभराने निकाल आला. माणसांचे तीन आणि मांजराचा एक, चारही नमुन्यांतले जंतू एकाच घराण्यातले निघाले.

"मथुराताईंनी कुणालाही आजार दिलेला नाही," डॉक्टर श्वेता भर ओट्यावर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मांजर आजारी होतं, तेही औषधाने बरं होतंय. आम्ही माणसं मोजत बसलो. या पोरांनी मांजर शोधलं! शाब्बास!"

हर्षददादांनी नवीन फॉर्म काढला. जुना प्रश्न खोडून त्यांनी वर विनिताने सुचवलेला प्रश्न सुरेख अक्षरात लिहिला, 'तुमच्या दारात जेवायला कोण येतं?' मग, पहिल्यांदाच मान वर करून, त्यांनी तो आजीला विचारला.

इतक्यात गर्दी बाजूला झाली. बारीक झालेले धाकूआजोबा काठी टेकत आले आणि दोन वर्षांनी ओट्याची पायरी चढून आजीशेजारी बसले.

"लिव रं पोरा," आजी म्हणाली. "एक मांजर. आन आजपासून ह्यो धाकू."