कळसूबाईहून थोडं उंच

शोरूमचं शटर अर्धंच वर गेलं होतं, तेवढ्यात तो वाकून आत आला.

"सॉरी... एकच विचारायचंय. हे घड्याळ विमानात टिकेल ना? वर हवेचा दाब कमी होतो म्हणतात."

पिंपरीच्या त्या शोरूममध्ये महागडी घड्याळं दुरुस्तीला घेणारी मी, विजयश्री. घड्याळ हातात घेतलं. स्विस, नवं कोरं.

"काही होत नाही. केबिनमध्ये दाब राखलेला असतो. कळसूबाईहून थोडं उंच चढल्यासारखं, एवढंच. चावी नीट दाबलेली असली की झालं."

"तुम्ही चढलाय कळसूबाई?"

"नाही."

"मग खात्री कशी देता?... चला, बघून येऊ."

मी हसायला नको होतं. हसले.

ज्ञानेश चाकणजवळच्या गावचा, इंजिनिअर. दोन वर्षांसाठी जर्मनीला निघाला होता. घड्याळ कंपनीनं दिलं, म्हणाला. मग रोज नवी शंका— एक्स-रे मशीनमधून चालेल का? तिकडच्या थंडीत? शंका संपल्या, तरी तो येतच राहिला.

एका सोमवारी, माझ्या सुट्टीला, आम्ही खरंच कळसूबाई चढलो. माथ्यावर वारा ओढणी ठरू देईना. त्यानं ती धरली... मग हातही.

"चालतंय का घड्याळ?" मी विचारलं.

"कोण बघतंय घड्याळाकडे!" तो म्हणाला. "परत आलो की घरी सांगतो. थांबशील?"

मी मान हलवली.

निघायच्या आठवड्यात तो पुन्हा आला— या वेळी एकटा नव्हता. सोबत एक वयस्कर गृहस्थ आणि त्यांची मुलगी.

"साखरपुड्यात जावयाला दिलं होतं," गृहस्थ कौतुकानं म्हणाले. "सैल होतंय. पट्ट्याची एक कडी काढून द्या."

मुलगी हळूच पुढे झुकली. "ताई, विमानात काही होणार नाही ना याला?"

"नाही," मी म्हणाले. कडी काढून मी घड्याळ त्याच्याकडे न बघता काउंटरवर ठेवलं.

"थँक्यू, मॅडम," ज्ञानेश म्हणाला.

मॅडम!

संध्याकाळी बसस्टॉपवर त्याचा फोन आला. "घरच्यांनी ठरवलं, विजू... मी काय करणार?"

"म्हणजे पहिल्या दिवशी आलास, तेव्हाच साखरपुडा झाला होता?"

तो म्हणाला, "व्हय."

माझ्याशी नेहमी जपून, शहरी बोलायचा. खरं बोलताना गावचा शब्द निघाला.

"पण तिकडं मी एकटाच असेन गं... आपण बोलत राहू ना?"

"तिच्याशी बोल," मी म्हणाले आणि त्याचा नंबर ब्लॉक केला.

बस आली. बसायला जागा नव्हती. शिफ्ट सुटलेल्या बायकांमध्ये, दांडा धरून, सांगवी येईपर्यंत मी उभ्यानं रडले. कुणी काही विचारलं नाही.