पेन्सिलीचा गोल

"ही चिठ्ठी परत का पाठवलीत?"

औषधांच्या खिडकीपाशी एक भिजलेला डॉक्टर उभा होता. चष्म्यावर थेंब, अ‍ॅप्रनची बटणं एक घर चुकलेली. मी चिठ्ठीवरचा पेन्सिलीचा गोल दाखवला.

"आजींचं वजन बासष्ट लिहिलंय. कधीचं?"

"फाइलमधलं..."

"फाइल दोन वर्षांपूर्वीची. आजी आजच्या आहेत ना?"

तो पटांगण ओलांडून वरच्या वॉर्डात गेला. आजींच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत. अशा हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूत गेली की पक्षाघात. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी. पण ती जास्त झाली, तर रक्तस्राव. वय, वजन, मूत्रपिंडं – सगळं बघूनच मात्रा ठरवायची.

तो परत आला. "त्रेचाळीस किलो. वय ब्याऐंशी. म्हणजे मात्रा निम्मी... वाचवलंत."

"आजींना, की तुम्हाला?"

तो हसला, पण चिठ्ठी उलटीच आत सरकवली.

"नीट कधी झोपलात?"

"रविवारी... बहुधा."

"आज गुरुवार आहे, डॉक्टर."

मग तो स्वतःच चिठ्ठ्या आणू लागला. "काय पेन्सिलबाई, आज कुठे गोल?" मी कोपऱ्यात लिहायची – झोप? तो तास लिहायचा – तीन. दोन. एकदा नुसतंच शून्य. छत्री न घेता पटांगण ओलांडणाऱ्या त्या आकृतीची मी वाट बघू लागले. खरं सांगते, त्याची चूक सापडली की मला बरं वाटायचं... तो पुन्हा खाली येणार म्हणून.

आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी मी दोन दिवस रजेवर होते. परतले, तर तो खिडकीसमोरच्या बाकावर बसलेला.

"एका काकांना गुडघेदुखीची गोळी लिहिली. ते रक्त पातळ करायची गोळी घेतात. मीच सुरू केली होती, तरी..." त्याने चष्मा काढला. "पोटात रक्तस्राव झाला. वाचले. पण तुम्ही नव्हतात."

मी पेन्सिल खाली ठेवली. "मी नसले की माणसांनी मरायचं का? तुमच्या विभागाच्या मोठ्या मॅडमना सांगा. चूकही आणि झोपही."

"सक्तीच्या रजेवर पाठवतील. तीन महिने तरी. मग ही खिडकी..."

"माहीत आहे मला," मी गोळ्यांच्या पट्ट्या मोजत म्हटलं. मोजणी दोनदा चुकली.

त्याने मॅडमना सांगितलं. चार दिवसांनी तो बॅग घेऊन आला आणि एक चिठ्ठी आत सरकवली. रुग्ण – तो स्वतः. औषध – झोप.

"मी चिठ्ठ्यांसाठी येत नव्हतो."

"ठाऊक आहे. चिठ्ठ्या शिपाईदादाही आणतात."

तो खळखळून हसला, आणि मग त्याचे डोळे भरून आले. 'पुन्हा तपासणी'पुढची जागा कोरी होती. मी तिथे गोल केला. त्याने पेन्सिल उचलली... आणि परत ठेवली.

"आत्ता तारीख लिहिली, तर तीही झोपेतच लिहिल्यासारखी होईल."

"मग नका लिहू."

तो पावसातून गेला. आज छत्री होती.

आता चिठ्ठ्या शिपाईदादा आणतात. चूक सापडली की मी गोल करते. बरं मात्र वाटत नाही. त्याची चिठ्ठी माझ्या खणात आहे. त्यातला गोल अजून रिकामा आहे.