पहिल्या दाढेचे पाणी

किरणछिन्नीने दाढेच्या आवरणावर केसाएवढी खोबण पाडली, तिच्यातून उडालेली धूळ यंत्राने ओढून घेतली आणि पडद्यावरच्या नकाशात एक हिरवा ठिपका उमटला. डॉ. कुमुदिनी पेठे यांनी चष्मा काढून पुसला. ठिपका स्कॉटलंडमध्ये उमटायला हवा होता. तो उमटला होता कोकणच्या किनाऱ्यावर, त्यांच्या दापोलीच्या प्रयोगशाळेपासून तासाभराच्या वाटेवर.

"नमुन्यांची अदलाबदल झाली असणार," रफीक मुकादम म्हणाला. जगभरच्या झऱ्यांच्या जलमुद्रा गोळा करून जो नकाशा तयार झाला होता, तो अद्ययावत ठेवणे हे त्याचे काम. "पुन्हा चालवतो."

"पुन्हा पुन्हा चालवलंय, रफीक. ठिपका हलत नाही."

"मॅडम, मी म्हणालो होतो ना? शांतवनकाका खूश आहेत, त्यांचं स्कॉटलंडचं तिकीट निघालंय. आता उरलेल्या दाढा कशाला उकरायच्या?"

"अहवाल अर्धा द्यायचा नाही म्हणून," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पण अर्ध्यावरच मी बोलून मोकळी झाले, त्याचं काय करू?"

दाढा अलेक्झांडर नावाच्या एका शिक्षकाच्या होत्या. दोनशे वर्षांपूर्वी तो दापोलीतल्या मिशनच्या शाळेत शिकवीत असे. त्याचे आडनाव स्कॉटिश, आणि लिहिणाऱ्या कारकुनाच्या कानाला परके. लग्नाच्या नोंदीत ते माकिलव्रे होते, पगाराच्या नोंदीत माघलवार, दफनाच्या नोंदीत मकलवरे. शेवटचे रूप घराण्याला चिकटले. पुढच्या पिढ्यांनी स्कॉटलंडच्या दप्तरखान्यांत सगळी रूपे शोधून पाहिली; माणूस काही सापडला नाही. घरात त्याची एकच इच्छा सांगितली जाई : मला माझ्या आईजवळ माती द्या. आणि तो तर पांगारबंदरच्या दफनभूमीत, समुद्राच्या कडेला पडून होता.

मग समुद्र वर आला आणि दफनभूमीवरून बंधारा जायचे ठरले. बाकीच्या घरांनी आपली माणसे होती तिथेच राहू दिली, बंधाऱ्यावर त्यांची नावे कोरून घेतली. शांतवन मकलवरे मात्र थडगे उघडण्याची परवानगी काढून, पूर्वजाचा जबडा घेऊन प्रयोगशाळेत आले. अक्कलदाढ सर्वांत धड होती, म्हणून कुमुदिनीबाईंनी तीच आधी तपासली. ठिपका स्कॉटलंडच्या उत्तरेला, अरडाख नावाच्या खोऱ्यात पडला. तिथल्या जुन्या शाळेच्या पटावर अलेक्झांडरही सापडला, आडनावाच्या आणखी एका निराळ्या रूपात. त्या दिवशी बाई आनंदाने म्हणाल्या होत्या, "काका, सगळी हाडं काढून घ्या. घरी न्या त्यांना." काकांनी काढून घेतली. नंतर दफनभूमीवर काँक्रीट पडले.

उरलेल्या तपासण्या झाल्यावर बाईंनी बोलावले, तेव्हा शांतवनकाका आले ते अंगात नवाकोरा लोकरी कोट घालूनच. दापोलीच्या उकाड्यात घाम पुसत म्हणाले, "सलाम, बाई! हसू नका. सून म्हणते, आत्तापासून सवय करा, नाहीतर तिकडे उतरल्याबरोबर तुम्हालाही पुरून यावं लागेल."

रफीक हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी काकांना पंख्याखाली बसवले.

"काका, एक सांगायचंय. आधी नीट समजून घ्या, मग मला हवं ते बोला."

"बोला की."

"आपण जे पाणी पितो, त्यातल्या मूलद्रव्यांचे हलकी आणि जड समस्थानिकं त्या त्या खडकाप्रमाणे, पावसाप्रमाणे ठरलेल्या प्रमाणात असतात. दात घडत असताना ते प्रमाण त्याच्या आवरणात बसतं. मग मरेपर्यंत बदलत नाही, मेल्यावरही नाही."

"हे मागे सांगितलंत. आडनाव कुणीही बिघडवील, पाणी नाही बिघडवता येत. मी तर चर्चमध्ये उभं राहून सांगितलं सगळ्यांना!"

"पण प्रत्येक दाढ निराळ्या वयात घडते. अक्कलदाढ घडते आठ-दहा वर्षांच्या पुढे. त्या वयात अलेक्झांडर अरडाखला होते, हे खरंच आहे. पहिली दाढ मात्र जन्मापासून तीन वर्षांपर्यंत घडते. त्या वयात मूल मुख्यतः आईचं दूध पितं. म्हणजे पाणी आईनं प्यायलेलं."

काकांनी कोटाची गुंडी उगाच लावली आणि काढली. "मग? कुठलं निघालं?"

"पांगारबंदरचं. दफनभूमीच्या उतारावर झरा होता, त्याचं."



"असं कसं?" काका म्हणाले. "आमच्या रक्तात स्कॉटिश अंश निघाला होता. तुम्हीच म्हणालात."

"तो वडिलांकडून. वडील तिकडचे होते. आई इथली, पांगारबंदरची. मुलगा थोडा मोठा झाल्यावर वडिलांनी त्याला आपल्या गावी पाठवलं असणार. पुढे तो शिकून परत आला."

"आई इथली," काका स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. "अहो, आमच्या आजोबांनी, वडिलांनी, मी, बापाचं आडनाव किती तऱ्हांनी लिहून शोधलं! आईचं नाव काय होतं, हे घरात कुणी कधी विचारलंसुद्धा नाही."

"ते कुठल्याच नोंदीत नाही, काका. मी पाहिलं."

रफीक मध्ये पडला. घाईघाईने म्हणाला, "पण काका, लहानपणी जिथं होते, तिथली ओढ राहिलीच असेल असं थोडंच आहे? त्यांना अरडाखची काकी-आत्या आईसारखी वाटली असेल. त्यांनी तिलाच आई म्हटलं असेल."

काकांचा चेहरा उजळला. "हे शक्य आहे. बाई, शक्य आहे ना?"

कुमुदिनीबाईंनी रफीककडे पाहिले. त्याने मान खाली घातली. पुढचा निष्कर्ष त्याच्याच यंत्राने काढला होता.

"दाढेच्या मुळावर एक लेप असतो," त्या म्हणाल्या. "झाडाच्या खोडासारखा तो वर्षागणिक वाढतो, अगदी शेवटपर्यंत. शिक्षकांची राहायची सोय मिशनच्या बंगल्यात होती. बंगला इथं वर, दापोलीच्या कँपात, आणि त्याला स्वतःची विहीर. परत आल्यावरचे पहिले थर त्या विहिरीचे आहेत. मग एका वर्षापासून पाणी बदलतं. तिथून शेवटच्या थरापर्यंत पांगारबंदरचा झराच आहे. डोंगर उतरून ते तिथं राहायला गेले होते, काका. आईला शोधून काढलं असणार. आणि मरताना जे मागितलं, ते लोकांनी त्यांना दिलं होतं."

शांतवनकाकांनी समोरचा पाण्याचा पेला बाजूला सरकवला.

"दरवर्षी स्मरणदिनाला आम्ही थडगं धुऊन पुढे उभे राहायचो," ते म्हणाले. "आणि माफी मागायचो, की बाबा, तुझी इच्छा राहून गेली. लहानपणी मला वाटायचं, तो रागावलाय. तो तर आईजवळ निवांत झोपला होता. मी जाऊन त्याला उठवलं."

"मी सांगितलं म्हणून. पहिली दाढ आधी पाहिली असती तर—"

"तुम्ही नका मनाला लावून घेऊ. तुम्ही विचारलं त्याचं उत्तर दिलंत. आम्ही विचारलंच ते निम्मं."

"बंधाऱ्याच्या अलीकडे जागा मिळेल," रफीक म्हणाला. "मी बोलतो कुणाशी तरी."

"झरा?"

"बंधाऱ्याचा पाया त्याच्यावरच बसलाय, काका."

काकांनी मान हलवली. मग त्यांनी कोट काढला, नीट घडी घालून मांडीवर ठेवला, आणि त्यावर दोन्ही हात ठेवून डोळे मिटले. ओठ हलत होते. कुमुदिनीबाईंनीही हात जोडले.

डोळे उघडून ते म्हणाले, "जाईन मी तिकडे. अरडाखच्या मंडळींनी खड्डा खणून ठेवलाय. तिथं त्याला कुणीतरी जेवू घातलं, वाढवलं, हेही खोटं नाही. इथं तर मी त्याला जागाच ठेवली नाही." ते उठले आणि दाराशी जाऊन थांबले. "फक्त एक काम करा माझं, बाई. तुमचं इंग्रजी चांगलं आहे. त्यांच्या पाळकांना फोन लावा. दगडावर मी एक ओळ कोरायला सांगितली आहे, 'आपल्या आईजवळ परत आला' अशी. कोरून झाली असली तर ती खरवडून काढायला सांगा."