उजेडाकडे तोंड

माघातल्या त्या सकाळी खडकजाईच्या गडावर धुके विरायच्या आधीच बातमी आली. गडाच्या तीन अंगांना दोन महिने गनिमाचे तंबू होते, आणि चौथ्या अंगाच्या सरळ कड्यावरून दोराने जासूद चढून आला होता. त्याने सदरेवर किल्लेदार रायाजीराव पालव्यांना निरोप दिला, की परवा सकाळी मदतीची फौज समोरच्या डोंगरावर येईल. धूर दिसताच गडावरच्या साठ माणसांनी चोरदिंडीने उतरून गनिमाच्या तोफांवर तुटून पडावे. मग जासूद दस्तगीर शिकलगाराच्या खोपटाशी गेला आणि उभ्यानेच म्हणाला, "मामू, चांदबीमामी गेल्या. तापानं. बारा दिवस झाले."

चांदबी दस्तगीरची बायको. वेढा पडायच्या आदल्या दिवशी ती खालच्या गावी, भावाकडे, लाख आणायला गेली होती. तलवारीचे पाते मुठीत लाखेने बसवतात, आणि गडावरची लाख दसऱ्यालाच संपली, असे शस्त्रखान्याचे नाईक तुळाजी बेर्डे यांनी सांगितले होते. ती उतरली आणि मागे वाट बंद झाली.

नाइकांनी धारेला दिलेल्या साठ तलवारींपैकी बत्तीस झाल्या होत्या. दस्तगीर धार लावायच्या साणेपाशी जाऊन बसला.

साणेचे चाक फिरवायला समोर बसून कोणीतरी वादी ओढावी लागते. ते काम चांदबीचे. ती खाली गेल्यापासून जो शिपाई मोकळा असेल तो ओढी. त्या दिवशी म्हातारा लखमा गोलंदाज आला. त्याची तोफ फुटली होती, एक गुडघा वाकत नव्हता, पण तोंड चालू होते.

"अरे, तुझ्या डोक्याची सावली तुझ्याच पात्यावर पडतेय," लखमा म्हणाला. "धार बघतोस की चाचपतोस? पाठ तर कमानीसारखी झालीय. मी असा ओणवून तोफ डागली असती, तर आपलाच बुरूज उडाला असता."

"मी इथंच बसतो."

"का? नवस बोललायस?"

दस्तगीरने पाते उलटवले. वीस वर्षे तो दाराकडे पाठ करून, जमिनीलगत वाकून बसत आला होता, कारण तसे बसले की दारातला उजेड चांदबीच्या तोंडावर पडे. दोन महिने ती जागा रिकामी होती, तरी ती येईल म्हणून त्याने बैठक हलवली नव्हती.

तो उठला. "उचल," म्हणाला.

दोघांनी साण बाहेर नेली, दोन दगडांवर चढवली आणि तोंड पूर्वेला केले. दस्तगीर तोफेच्या दारूच्या रिकाम्या पेटीवर बसला. पाठ सरळ झाली, कोपर मांडीवर टेकले, ऊन समोरून पात्यावर आले. धारेवरचा केसाएवढा ओरखडाही दिसत होता. इतके चांगले त्याला जन्मात दिसले नव्हते, आणि तेच त्याला सोसेना.

तेहतिसावे पाते लावताना त्याचा हात थांबला. धार चाकाखाली दुमडत होती, आणि तिच्या कडेला धुरकट निळी झाक होती. त्याने कानस घेऊन पाते घासले. कानस ओल्या लाकडात शिरावी तशी शिरली.

"पाणी उतरवलंय," तो म्हणाला. "कुणीतरी भट्टीत घालून लोखंड मऊ केलंय."

त्याने तयार तलवारी उन्हात धरून पाहिल्या. सगळ्यांची तीच गत होती. त्या त्याच्याच हातून, त्याच सावलीत, गेल्या होत्या.

लखमाने आवाज खाली आणला. "गप्प राहा. बत्तीस तुझ्याच हातून गेल्यात. हात तोडतील तुझे."

"साठ माणसं हे घेऊन उतरणार आहेत, लखमा."

सदरेवर जाऊन दस्तगीरने मुजरा केला आणि सगळे सांगितले, स्वतःची चूक आधी.

तुळाजी नाईक पुढे आले. "सरकार, बायको गेल्याचं आजच कळलंय याला. डोकं ठिकाणावर नाही. साणेवर जोर देऊन पाती यानंच जाळली, आणि आता आळ दुसऱ्यावर."

रायाजीराव दस्तगीरकडे वळले. "असं होऊ शकतं?"

"होऊ शकतं, सरकार. पण साणेनं फक्त धार जळते. मुठीच्या आत साण पोचत नाही. मूठ काढून पाहावी. आतलं लोखंड निळं नसेल, तर हा उजवा हात आपला."

लोहाराने मूठ तापवून उपटली. आतले लोखंड मोरपिसासारखे निळे होते. पण दस्तगीर लोखंडाकडे पाहत नव्हता. मुठीतून लाल, ताजी लाख गळत होती.

"पातं भट्टीत घालायचं तर मूठ आधी काढावी लागते, आणि नंतर नव्या लाखेनं बसवावी लागते," तो सावकाश म्हणाला. "ही लाख गडावर कुठून आली, नाईक?"

"जुनी होती थोडी," तुळाजी म्हणाले. "कोपऱ्यात सापडली."

"मग माझी बायको कशाला गेली?"

तुळाजींची नजर दाराकडे गेली, आणि रायाजीरावांनी हात वर करताच भालाइतांनी दार अडवले. त्यांच्या झडतीत लाखेची थैली निघाली, आणि तिच्या तळाशी गनिमाने लिहून दिलेला अभयाचा कौल.

साठ पात्यांना पुन्हा पाणी द्यायला वेळ नव्हता. तिसऱ्या दिवशी समोर धूर दिसला, तेव्हा माणसे भाले आणि लाकडे फोडायच्या कुऱ्हाडी घेऊन उतरली. एकेचाळीस परत आली. दुपारपर्यंत गनिमाच्या तोफा बंद पडल्या आणि चौथ्या दिवशी वेढा उठला. तुळाजींचा कडेलोट झाला. तो पाहायला दस्तगीर गेला नाही.

रायाजीरावांनी त्याला बोलावून विचारले, "काय हवं ते माग, शिकलगार."

"खाली जायची परवानगी, सरकार."

खालचे गाव गनिमाने जाळले होते. चांदबीचा भाऊ कुठे निघून गेला ते कोणाला ठाऊक नव्हते. ओढ्याकाठी नऊ नव्या कबरी होत्या, एकीवरही खूण नव्हती. एक म्हातारी म्हणाली, बाईमाणसाच्या तीन आहेत, पण कोणत्या ते आता सांगता येणार नाही. दस्तगीरने नऊही कबरींवर फातिहा वाचला आणि अंधार पडायच्या आत गडावर परतला.

चांदबीच्या कबरीवर दगड लावायचा राहिला आहे.