सुभेदारांचा अर्धा तास

विट्यापासून फलटणपर्यंत मी सांगितलेल्या निम्म्या गोष्टींना पाय नसतात, आणि उरलेल्यांचे पाय उलटे असतात. हे मी कबूल करतो.

पण ही गोष्ट तसली नाही.

ज्याच्यावर बेतली तो माणूस जिवंत आहे. साताऱ्यात राहतो. पत्ता मागाल तर देईन, पण त्याच्या दारावर टकटक करू नका.

का, ते पुढं कळेल.

आणि अंधारी रात्र, अमावस्या असलं काही इथं नाही. घडलं ते भर दुपारी. सांगलीत, गुरुवार, १८ नोव्हेंबर १९९९. उन्हं कडक पडली होती. खाली रस्त्यावर रिक्षांची भांडणं चालली होती.

राजरत्न तेव्हा पंचवीस वर्षांचा. साताऱ्याच्या आण्णा मास्तरांचा मुलगा. धम्म घेतलेलं घर. आण्णांचा दंडक कडक होता. आपल्यात भूत नाही, गंडा नाही, लिंबू-मिरची नाही. घाबरायचंच असेल तर आपल्या हातून झालेल्या चुकीला घाबर, असं ते म्हणायचे.

त्या वाक्यानंच पोराचा घात केला, असं मला कधीकधी वाटतं.

राजरत्न सांगलीत एका इंटरनेट कंपनीत होता. कंपनी म्हणजे काय, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीत काचेचं दार, एसी आणि लाकडी मांडणीवर सोळा मोडेम. गिऱ्हाइकानं घरून फोन लावला की एका मोडेमचा तांबडा दिवा लागायचा आणि गिऱ्हाइकाला तेवढ्यापुरता एक आयपी पत्ता मिळायचा. एसटी स्टँडजवळच्या लॉजची खोली असते ना, तसं. एक उठून गेला की तीच खोली दुसऱ्याला. कुठल्या वेळी कुठल्या पत्त्यावर कोण होतं, ते वहीसारखं कॉम्प्युटरात लिहिलं जायचं.

त्या महिन्यात परदेशातल्या एका विद्यापीठाकडून तीन तक्रारी आल्या. प्रत्येक कॉम्प्युटरला हजारो दारं असतात. तुमच्या या पत्त्यावरून कुणीतरी आमचं एकेक दार ठोठावतंय, असं त्यांचं म्हणणं. कुठलं दार उघडं सापडतंय ते बघतंय. पत्ता दिला होता. वेळ दिली होती. शेवटच्या तक्रारीत सहा चाळीस, ग्रीनिचची, म्हणजे लंडनच्या घड्याळाची.

मोठी लाइन देणाऱ्या कंपनीनं बजावलं, दोन दिवसांत माणूस शोधा, नावासकट कळवा, नाहीतर लाइन तोडतो.

मालक होते बाळासो. मनानं वाईट नव्हे, पण तोंड करवतीसारखं. ते राजरत्नला म्हणाले, "नाव न्हाई घावलं तर तुजंच लिवून धाडतो. पगार तरी वाचंल."

राजरत्न बसला शोधायला.

आता त्याची काम करायची एक रीत होती. परदेशी वेळेची आपली वेळ करायला त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. घाईत लिहिलेला. त्याच्या रकान्यात पूर्ण आकडाच बसायचा. आपला फरक साडेपाच तासांचा. त्यानं पाच टाकले, आणि वरचा अर्धा तास आपण तोंडी मिळवू म्हणाला.

रोज मिळवायचा.

त्या दिवशी विसरला.

सहा चाळीसात पाच मिळवले. अकरा चाळीस. वहीत बघितलं. अकरा चाळीसला त्या पत्त्यावर, नऊ नंबरच्या मोडेमवर होते सुभेदार नाथाजी. माधवनगर, गिरणी कामगारांच्या जुन्या चाळीमागं घर.

फौजेतून निवृत्त झालेले. सिग्नलमध्ये, म्हणजे फौजेच्या तार-बिनतारी खात्यात, बावीस वर्षं काढलेली. बायको नाही. मुलगी रेश्मा सिंगापूरला, दिवस भरत आलेले. सुभेदार रोज साडेअकराला कॉम्प्युटरपुढं बसायचे आणि मुलीची मेल आली का बघायचे. बस्स. त्यापलीकडं त्यांना काही येत नव्हतं.

राजरत्ननं त्यांना फोन केला. तुमचं कनेक्शन बंद करतोय, नाव कळवावं लागतंय, असं सांगितलं.

सुभेदार रागावले नाहीत.

एवढंच म्हणाले, "पोरा, वेळ कुणाची लावलीस? त्यांची का आपली?"

"सगळं तपासलंय, सुभेदार."

"पुन्यांदा बघ रं. सिग्नलमध्ये निम्म्या चुका घड्याळाच्या आसत्यात."

राजरत्नला राग आला. शिकलेला मी, आणि हे मला सांगणार. त्यानं फोन ठेवला, कनेक्शन बंद केलं, नाव, पत्ता, फोन नंबर वेळेच्या हिशेबासकट लिहून लाइनवाल्यांना आणि विद्यापीठाला पाठवला. बुधवारी संध्याकाळी.

गुरुवारी दुपारी जिन्यात काठी वाजली.

टक... टक... टक...

सुभेदार स्वतः आले होते. राजरत्ननं जिन्याच्या तोंडाशी त्यांची पांढरी टोपी बघितली आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावून घेतली. बाहेरच्या खोलीत फोन घेणाऱ्या पोरीला सांगून ठेवलं होतं, मी नाही म्हणून सांग.

सुभेदारांना एसीच्या खोलीतली सावली दिसत होती. त्यांनी काचेवर काठीची मूठ वाजवली.

तीनदा.

राजरत्न मोडेमच्या मांडणीमागं उभा राहिला. श्वास धरून.

पुन्हा तीनदा.

त्यानं दार उघडलं नाही.

काठी जिना उतरू लागली. टक... टक... आणि सातव्या पायरीवर थांबली.

लोक धावले तेव्हा सुभेदार पायरीवर बसले होते, भिंतीला टेकून. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ चालू होतं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

शुक्रवारी राजरत्न कामावर आला. डोळे सुजलेले.

अकरा चाळीसला एक मोडेम किंचाळला.

तुम्हांला तो आवाज आठवत असेल. फोन लागताना मोडेम कसा ओरडायचा. पण या सोळा मोडेमचे आवाज राजरत्ननं स्वतः बंद केले होते. वर्षभर खोलीत एसीखेरीज काही ऐकू आलं नव्हतं.

नऊ नंबर...

दिवा लागला होता.

त्यानं वही उघडली. नऊ नंबरवर कुणाचीच नोंद नव्हती. नाव नाही. वेळ नाही. कुणी आलेलंच नव्हतं.

दिवा मात्र जळत होता.

आणि कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरची दारं कुणीतरी ठोठावत होतं. पडद्यावर ओळी उमटत होत्या. तीन ओळी. थांबा. तीन ओळी. थांबा.

पत्ता तोच.

बारा दहाला दिवा विझला.

राजरत्ननं सुभेदारांची बंद केलेली मेलपेटी उघडली. तीत एकच मेल होती, गुरुवारी सकाळी आलेली. वडिलांची बातमी कळायच्या आत रेश्मानं धाडलेली. आबा, मुलगा झाला.

पेटीला कुलूप होतं. चावी एकट्या राजरत्नकडं.

मेलपुढं लिहिलं होतं... वाचलेली. आज, अकरा चाळीस.

शनिवारी तेच. सोमवारी तेच. अर्धा तास. अकरा चाळीस ते बारा दहा. एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही.

मंगळवारी त्याला कळलं.

अर्धा तास!

तो प्रोग्रॅमच्या रकान्याकडं बघत राहिला. पाच. तक्रारीची खरी वेळ अकरा चाळीस नव्हतीच. बारा दहा होती. सुभेदार तर बारा पाचला उठून गेले होते. बारा दहाला त्या पत्त्यावर दुसरंच कुणीतरी होतं.

वहीत नाव होतं. शंभूराज. बाळासोंचा मुलगा, कॉलेजात जाणारा. बाकीच्या दोन तक्रारींच्या वेळाही त्यानं नीट मिळवून बघितल्या. तिन्ही वेळा शंभूराजच.

राजरत्न आतल्या खोलीत मालकांपुढं उभा राहिला. सुभेदारांचं नाव धुवायचं तर शंभूराजचं लिहावं लागणार होतं, आणि मग इथली नोकरी राहणार नव्हती. तरी त्यानं सगळं सांगितलं. दिवा सोडून.

बाळासो बराच वेळ पानाचं देठ चावत बसले.

"मेल्याला काय ऐकू येतंय? माजं पोरगं जितं हाय. गप बस."

तेवढ्यात काचेवर वाजलं.

तीनदा.

"बघ कोण हाय," बाळासो म्हणाले. म्हणजे त्यांनीही ऐकलं होतं.

काचेपलीकडं कुणी नव्हतं.

बाळासो तोंडातलं देठ थुंकायचं विसरले. जिन्यात काठी उतरत होती. दोघेही मोजत होते. पाच... सहा... सात...

थांबली.

आठवी पायरी वाजलीच नाही.

बुधवारी सकाळी राजरत्ननं विद्यापीठाला पत्र लिहिलं. चूक माझी, सुभेदार निर्दोष, खरं नाव हे, खरी वेळ ही. पाठवलं आणि राजीनामा टेबलावर ठेवला. बाळासोंनी तो उचलला. अडवलं नाही, शिवीही दिली नाही.

निघण्याआधी उत्तर आलं. दोन ओळींचं.

आभार. पण ही दुरुस्ती आमच्याकडं शनिवारीच पोचली, त्या गृहस्थांचं नाव आम्ही तेव्हाच काढून टाकलं. पाठवणाऱ्यानं सही केली नव्हती, पाचच्या जागी फक्त साडेपाच केले होते.

खाली पाठवणाऱ्याचा पत्ता होता.

नऊ नंबरचा.

शनिवारी राजरत्नला स्वतःला चूक माहीत नव्हती. सुभेदारांना जाऊन दोन दिवस झाले होते. मग शनिवारी ते कुणी लिहिलं?

तुम्ही म्हणाल, नाव धुतलं गेलं, संपलं. आत्मा शांत झाला. मलाही तसंच वाटलं होतं.

राजरत्न साताऱ्याला परतला. घरीच कॉम्प्युटर दुरुस्त करू लागला. घरात मोडेम नाही, फोन नाही. आण्णांना त्यानं सगळं सांगितलं. आण्णा म्हणाले, चूक केलीस, कबूल केलीस, आता भूतबित डोक्यातनं काढ.

आण्णा माझे जुने दोस्त. परवा त्यांच्याकडं गेलो होतो. आक्काताईंनी, म्हणजे राजरत्नच्या आईनं, चहा टाकला. गप्पा रंगल्या होत्या. साडेअकरा झाले आणि आण्णा उठले. भूत नाही म्हणून साऱ्या तालुक्याशी भांडलेला माणूस. आपली खुर्ची त्यांनी उचलली आणि मागच्या अंगणात नेली.

आक्काताईही कपबशा घेऊन मागं गेल्या.

पुढच्या खोलीत राजरत्न आणि मी. राजरत्न दाराकडं तोंड करून बसला होता. कडी लावलेली.

मी माझ्या घड्याळात बघितलं. एकोणचाळीस.

चाळीस.

टक... टक... टक...

आवाज मी ऐकला. या कानांनी. खोटं बोललो तर सवयीनं बोललो असतो, पण मग असा घाम फुटला नसता.

कुणीतरी असेल म्हणून मी उठलो. राजरत्ननं माझं मनगट धरलं.

"काका, नका उघडू."

"अरे, सुभेदारांचं नाव तर धुतलंस. आता भांडायला कशाला येतील?"

"भांडायला आले तर उघडीन मी. तेवढं मला सोसंल." त्याची नजर कडीवरून हलेना. "ते तसेच आले असतील तर? नुसतं विचारायला. पोरा, वेळ काय झाली?"

दारावर पुन्हा तीनदा वाजलं. हळू. म्हातारा माणूस वाजवतो तसं.

बारा दहापर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो.

घरी आल्यापासून मी घड्याळ काढून ठेवलंय. आणि दुपारी दार वाजलं की आधी बायकोला विचारतो, तुला ऐकू आलं का गं?

काल ती नाही म्हणाली.