चंद्रावरच्या आईची वेळ

आईचा फोन सलग दुसऱ्यांदा हुकला, तेव्हा ऊर्जिता रडली नाही. चिडली.

तिची आई चंद्रावरच्या संशोधन तळावर खडकांचा अभ्यास करायची. घरच्यांशी कधी बोलता येईल, ते तळाच्या वेबपानावर जाहीर व्हायचं. शेजारचं ‘कॅलेंडरमध्ये टाका’ हे बटण दाबलं, की ती वेळ ऊर्जिताच्या कॅलेंडरात जायची. त्या वेळेला ती बसली होती. फोन मात्र पहाटे, ती झोपेत असताना येऊन गेला. असं कसं?

“पानावर जागतिक वेळ असते,” अप्पा म्हणाले. अप्पा म्हणजे तिचे आजोबा, उपग्रह बनवणारे शास्त्रज्ञ. “आपलं घड्याळ त्या वेळेच्या साडेपाच तास पुढे. बटण नुसता आकडा उचलतं.”

ऊर्जिताने तळाच्या कार्यालयात फोन लावला.

“पान सगळ्यांना एकच असतं, बाळ,” तिथले काका म्हणाले. “एकट्या तुमच्या औसा गावासाठी नाही बदलता येणार.”

“मग मीच बदलते!”

तिने फोन ठेवला. अप्पा हसले. “बदल की! पान त्यांचं, पण त्याची प्रत आपल्या ब्राउझरमध्ये (वेबपानं दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) उतरते. त्या प्रतीवर आपली स्क्रिप्ट (ब्राउझरला दिलेल्या सूचना) चालवता येते. त्यांच्या यंत्रणेला हातही लागत नाही.”

नाटकांचे प्रयोग कॅलेंडरात टाकणारी एक स्क्रिप्ट कुणीतरी सगळ्यांसाठी खुली ठेवली होती. ऊर्जिताने ती ओळ न ओळ वाचली. स्क्रिप्ट पानावर ‘प्रयोग’ नावाची चौकट शोधत होती. तिथे तिने ‘संवाद’ लिहिलं. मग नवी ओळ घातली : वेळेत साडेपाच तास मिळव.

बटण दाबलं. कॅलेंडरने आजचीच पहाट दाखवली. ती तर होऊन गेली होती!

“हे नाही चालणार,” अप्पा म्हणाले.

“चालवून दाखवते.” तिने आणखी एक ओळ लिहिली : मध्यरात्र ओलांडली, तर तारीखही पुढची घे.

दुसऱ्या दिवशी पहाटे पडद्यावर आई आली.

“जागी आहेस? तळाने पान बदललं वाटतं!”

“नाही. मी बदललं.”

आईने मागे वळून पाहिलं. “इथे पेरू देशाच्या, केनियाच्या बायका आहेत गं. त्यांच्या मुलांचेही फोन असेच हुकतात.”

फोन संपल्यावर ऊर्जिताने स्क्रिप्ट पुन्हा उघडली. साडेपाच हा आकडा पुसून जागा मोकळी ठेवली, घड्याळ मागे असेल तर तारीख मागची घेणारी ओळ घातली आणि स्क्रिप्ट सगळ्यांसाठी खुली करताना वर लिहिलं : ‘इथे तुमच्या गावाच्या घड्याळाचा फरक भरा. कुणाची परवानगी लागत नाही.’