दोन ठोक्यांचं उत्तर

बसा रे पोरांनो. त्या टायरवर बसा, खुर्चीचा पाय मोडलाय. गाडी तयार आहे तुमची. दाराचा पोचा काढलाय, रंगही वाळलाय, पहाटे खुशाल निघा. पण मागे बांधलेला तो जनरेटर पाहिला मी. नवाकोरा आहे. रात्री एसी लावून ऐसपैस झोपायचा बेत दिसतोय. झोपा बापडे, तुमच्या काकाचं काय जातंय? फक्त निघण्याआधी एक ऐकून जा.

काय म्हणालास? नळ गळतोय? नाही रे, नळ मी संध्याकाळीच बंद केला. ते टपटप वेगळं आहे. त्याचं नंतर सांगतो.

माझ्या ओळखीचा एक छापखानेवाला होता. होता म्हणजे, आहे अजून. गाडीचं काम माझ्याकडेच असायचं त्याचं. ही हकीकत त्यानेच या बाकड्यावर बसून पाटीवर लिहून सांगितली. पाटीवर का, तेही कळेल. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. बायकोवर जीव, आणि मुलगी म्हणजे तर काळजाचा तुकडा. नऊ वर्षांची. दिवसभर तोंड चालू, म्हणून घरात तिला चिमणी म्हणायचे. त्याची एकच गंमत होती. तीस वर्षं छापायच्या यंत्रांच्या धडधडीत काढलेली, त्यामुळे आवाज चालू असला की हा गाढ झोपायचा, आणि आवाज थांबला की दचकून उठायचा. बायको म्हणायची, "तुमच्या उशाशी एक यंत्रच आणून ठेवते."

तर दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. सतरा तारीख, शुक्रवार. शाळा सुरू होण्याआधी वह्यांची चौदा खोकी लांबच्या एका दुकानदाराला पोचवायची होती. दीड दिवसाची वाट. याने नुकतीच कॅरव्हॅन घेतलेली. आत पलंग, ओटा, बेसिन, सगळं. म्हणाला, "कामही होईल, सहलही होईल. चला सगळेच." खोकी पलंगाखाली कोंबली आणि निघाले.

संध्याकाळी तळ्याकाठच्या एका मैदानावर मुक्काम केला. तिथे अशा गाड्या ओळीने लागतात, दोन गाड्यांमध्ये चार पावलांची जागा. फाटकावर पाटी होती, रात्री दहानंतर शांतता. शेजारी एक जुनी, बुटकी गाडी होती. तिच्यात एक म्हातारं जोडपं. आजोबा घड्याळं दुरुस्त करायचे, आता काम सोडलेलं. आजींना दमा. आजोबा इतके हळुवार की सामाईक नळावर पाणी भरलं तरी खालची फरशी पुसून जायचे. दुसऱ्याच्या गाडीपुढून जायची वेळ आली तर लांबून वळसा घालायचे.

चिमणीची आणि त्यांची गट्टी जमायला पाच मिनिटं पुरली. त्यांनी तिला तिथली रीत शिकवली. रात्री कुणाच्या दाराला हात लावायचा नाही. आत माणसं झोपलेली असतात, कपड्यांचं भान नसतं. काही त्रास होत असेल तर बोटाच्या पेराने गाडीच्या अंगावर दोन ठोके द्यायचे. हळू. आतल्याने दोन ठोके परत दिले की समजायचं, ऐकलं, करतो. मग मागे वळून न बघता आपल्या गाडीत जायचं.

"आणि नाही केलं तर?" चिमणीने विचारलं.

आजोबा हसले. "असं कसं होईल बाळ? ठोका म्हणजे शब्द. दिला की दिला."

छापखानेवाला तिथेच उभा होता. त्याने हे सगळं ऐकलं.

उकाडा मरणाचा होता. दहा वाजता याने जनरेटर काढला. आपल्या बाजूला ठेवला तर चिमणीच्या खिडकीत धूर जाईल, म्हणून तो पलीकडे ठेवला, दोन गाड्यांच्या मधल्या जागेत. धुराचं नळकांडं शेजाऱ्यांच्या खिडकीकडे. लक्षात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण म्हणाला, एका रात्रीने काय होतंय? दोरी ओढली, एसी सुरू झाला आणि हा आडवा झाला.

दहा वीसला दोन ठोके पडले.

याने पडल्या पडल्या आतून दोन ठोके दिले. बायको म्हणाली, "अहो, करा की बंद." हा म्हणाला, "पाच मिनिटांत करतो." आणि त्या घरघरीत त्याला मस्त झोप लागली.

बाराला पुन्हा ठोके. हा कूस बदलून पुन्हा दोन ठोके देऊन मोकळा.

दोन वाजून दहा मिनिटांनी तिसऱ्यांदा आले. या वेळी आवाजही आला, दबका. "माफ करा, त्रास देतो. धूर आत येतोय हो. हिला श्वास घेता येत नाही. तेवढं बंद कराल का?"

छापखानेवाला वैतागला. मूठ आवळून भिंतीवर दोन दणके हाणले. धाड, धाड. घ्या तुमचं उत्तर! आणि पांघरूण डोक्यावर ओढलं.

आता तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याने स्वतःच का नाही बंद केला? एक बटण तर दाबायचं! अरे, दुसऱ्याच्या वस्तूला हात लावणारा माणूस नव्हता तो. आणि त्याला तीनदा उत्तर मिळालं होतं. आत्ता होईल, आत्ता होईल, म्हणत बसला असेल बिचारा. मला तर विचार केला तरी संताप येतो.

पहाटे पाचला यांनी मुक्काम हलवला. निघताना चिमणी खिडकीतून बघत होती. "बाबा, आजोबांनी खिडकीच्या फटीत टॉवेल का कोंबलाय?"

पांढरा टॉवेल, निळ्या काठाचा. ओला. मध्यभागी काळा पडलेला.

"उकडतंय म्हणून," हा म्हणाला आणि गाडी गियरमध्ये टाकली.

दुपारी खोकी उतरवताना दुकानदाराने बातमी दिली. तळ्याकाठी एक म्हातारं जोडपं गाडीत गुदमरून गेलं. "स्वतःचीच शेगडी चालू ठेवून झोपले म्हणे. वय झालं की भान राहत नाही बघा."

याच्या हातातलं खोकं सुटलं. मान हलवून म्हणाला, "हो ना. भान राहत नाही."

एवढंच बोलला. चूक एक वेळ माफ होते रे. पण मेलेल्या माणसाच्या माथी आपलं पाप मारलं त्याने. ते भोवलं.

शनिवार, अठरा तारीख. रात्री त्याने मुद्दाम निर्जन जागा शोधली. माळ होता. शेजारी गाडी नाही, घर नाही, कुत्रंसुद्धा नाही. जनरेटर मागच्या कप्प्यात ठेवून कुलूप लावलं. पेट्रोल काढून टाकलेलं. बायकोने विचारलं, "एसी नको?" हा म्हणाला, "नको. वारा आहे."

वारा नव्हता. झोपही नव्हती. इतकी शांतता त्याला सोसायची नाही. एक वाजला. दीड. दोन.

मग घरघर ऐकू आली. नेहमीची, ओळखीची. त्याला इतकं बरं वाटलं की डोळा लागला.

लागला... आणि खाडकन उघडला.

जनरेटर तर कुलपात आहे.

तो अंधारात उठून बसला. घड्याळात दोन वाजून दहा. आवाज पलीकडच्या बाजूने येत होता. कालच्याच बाजूने. धुराचा वास आला. घसा खवखवला.

आणि ठोके. दोन. हळू. पेराने.

तो गप्प राहिला. श्वासही रोखला.

पुन्हा दोन.

...

वरच्या पलंगावरून उत्तर गेलं. टक, टक. चिमणीने अर्धवट झोपेत हात लांबवून दोन ठोके दिले होते. शिकवलं होतं ना तिला.

बाहेरून आवाज आला. तोच, मऊ. "पोरीने शब्द दिलाय. बंद करा."

हा दाराकडे धावला. दार हलेना. लाथ घातली, नुसता पोचा आला. खिडकी सरकवायला गेला तर फटीत काहीतरी घट्ट बसलेलं. ओलं. बोटांना गार लागलं.

बायको खोकत उठली. "अहो... चिमणी... चिमणीकडे बघा!"

चिमणीचे डोळे उघडे होते. ओठ काळेनिळे. छाती हलत नव्हती.

कप्प्याला आतून झाकण होतं. याने ते उचकटलं. जनरेटर तिथेच. कोरडा. थंडगार. बंद.

आवाज मात्र चालूच.

"काय बंद करू?" हा ओरडला. "बंदच आहे हो! काय बंद करू मी?"

मग अगदी जवळून, भिंतीला तोंड लावून बोलावं तसं...

"मीही रात्रभर हेच बघत होतो. माझ्या हातात बंद करण्यासारखं काही नव्हतं."

तेव्हा हा गुडघ्यावर आला. मुलीला छातीशी धरलं आणि बोंब ठोकली. "तुमची शेगडी नव्हती! धूर माझा होता! मी ऐकलं होतं. तिन्ही वेळा ऐकलं होतं. मुद्दाम नाही केलं बंद!"

घरघर थांबली.

दार आपोआप उघडलं. बायकोने चिमणीला ओढून गवतावर टाकलं, पाठीवर थापट्या मारल्या. पोरीने श्वास घेतला. रडायला लागली. बायको छाती पिटत काहीतरी म्हणत होती. छापखानेवाला त्यांच्याकडे बघत राहिला. दोघींची तोंडं हलताना दिसत होती. आवाज येत नव्हता.

कसलाच आवाज येत नव्हता. त्या मिनिटापासून ठार बहिरा झाला तो. चार डॉक्टर झाले. सगळे म्हणतात, कानात काही दोष नाही.

सोमवारी पोलीस ठाण्यात जाऊन त्याने सगळं लिहून दिलं. शेगडीचा डाग पुसला गेला, याच्यावर खटला उभा राहिला. त्याला वाटलं, आता तरी सुटलो. कसलं सुटतोय! म्हातारा जिवंतपणी जितका मऊ, मेल्यावर तितकाच कडक. जगातला कुठलाही आवाज ऐकू न येणाऱ्या या माणसाला रोज रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी एक गोष्ट स्पष्ट ऐकू येते. भिंतीवर दोन ठोके. घर बदललं, तरी येतात. उत्तर द्यावं लागतं. एकदा त्याचा डोळा लागला, उत्तर राहिलं. बायकोने हलवून उठवलं तेव्हा चिमणीचे ओठ पुन्हा निळे पडले होते. आता तो मुलीच्या पलंगाशेजारी खुर्ची टाकून बसतो. यंत्राच्या धडधडीत झोपणारा माणूस, दोन वर्षं झाली, रात्रीचा झोपलेला नाही. परवा पाटीवर लिहून विचारत होता, "मी गेल्यावर उत्तर कोण देणार हो?"

 

आता ते टपटप.

दाराचा पोचा काढायला त्याची गाडी तेव्हा माझ्याकडे आली. खिडकीच्या फटीत, बाहेरच्या बाजूने, एक टॉवेल कोंबलेला होता. पांढरा, निळ्या काठाचा. मी त्या तळ्याकाठच्या मैदानाच्या राखणदाराला फोन केला. तो म्हणाला, टॉवेलाचं आतलं टोक आजोबांच्या मुठीतून सुटेना, म्हणून तो तसाच त्यांच्याबरोबर चितेवर गेला. म्हटलं, मग हा कुणाचा? मी तो काढला, पिळला आणि मागे त्या खिळ्याला वाळत घातला. ऐन मे महिन्यात.

दोन उन्हाळे गेले, पोरांनो. खाली बादली ठेवलीय, सकाळी ओततो.

जा, बॅटरी घेऊन बघ. हात लाव, काही होत नाही.

पाणी काळं आहे ना?